खताचा हिशेब करणारे पान



गेल्या वर्षभरात पुष्कळांनी मला विचारले, "साहेब, पेन्शन जवळ आली, आता ही संगणकाची भाषा कशाला शिकत बसलाय?" मी हसून वेळ मारून नेत असे. खरे उत्तर एका चिठ्ठीत आहे. चिठ्ठी माझ्याच हातची, १९९८ सालच्या रब्बीतली.

नोकरीत मी तेव्हा नवा होतो. बी.एस्सी. ॲग्रीची पदवी ताजी, अक्षर वळणदार आणि अंगात उत्साह दांडगा. बाजारचा दिवस होता, गव्हाची पेरणी तोंडावर आलेली, आणि माझ्या टेबलाभोवती वीस-पंचवीस माणसे उभी. जो तो विचारी, खत किती घालू? मी पटापट चिठ्ठ्या लिहून देत होतो. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश ही शिफारस आम्हाला तोंडपाठ. त्या घाईत एका शेतकऱ्याच्या चिठ्ठीवर मी युरियाचा आकडा हेक्टरचा लिहिला आणि पुढे शब्द लिहिला 'एकरी'. एकराला १०४ किलो पुरला असता तिथे २६१ किलो. म्हणजे दोन पोत्यांच्या जागी पाच पोती.

त्या माणसाने चिठ्ठी दुकानात दाखवली, पाच पोती नेली आणि विश्वासाने दोन हप्त्यांत घातली. गहू असा काही माजला की लोक बांधावर थांबून बघत. पुढे ओंब्या भरायच्या वेळी पाणी दिले, रात्री वारा सुटला आणि सगळे रान लोळले. दाणा बारीक, सुरकुतलेला निघाला. मी बघायला गेलो तेव्हा तो काही बोलला नाही. कोपरीच्या खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढून फक्त माझ्यापुढे धरली. ओरडला असता तर बरे वाटले असते.

ही चूक केवळ घाईची नव्हती. घोळ आपल्या मापांतच आहे. विद्यापीठाची शिफारस असते हेक्टरी. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेले असते हेक्टर आणि आर असे. आपण बोलतो एकर आणि गुंठे. आणि खत विकत मिळते पोत्याने. चार ठिकाणी चार मापे. त्यात पोतेही आता पहिले राहिले नाही. युरियाचे पोते पूर्वी ५० किलोचे होते, २०१८ पासून ते ४५ किलोचे झाले. डीएपी, पोटॅश, सुपर फॉस्फेट मात्र अजून ५० चेच. शिवाय पोत्यातले सगळेच काही खत नव्हे. युरियात शंभरात ४६ भाग नत्र, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ भाग स्फुरद, म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० भाग पालाश. डीएपीत १८ भाग नत्र आणि ४६ भाग स्फुरद असे दोन्ही. एवढ्या पायऱ्या चढून-उतरून उत्तर काढायचे, आणि तेही उभ्या गर्दीत.

म्हणून मनात होते की क्षेत्र घातले की पोती सांगेल असे काही तरी करावे. अशी तयार साधने फोनवर मिळतात, मी वापरूनही पाहिली. पण गुंठे बहुतेकांत नाहीत, आणि उत्तर कसे काढले ते ती सांगत नाहीत. नुसते उत्तर देणारे साधन आणि १९९८ चा मी, यात मला फारसा फरक दिसेना.

दिवाळीला पुतणी घरी आली होती. ती कॉम्प्युटरच्या कॉलेजात शिकते. तिच्याजवळ हे बोललो तर म्हणाली, "काका, एवढ्यासाठी ॲप कशाला? एक पान करा. साध्या पानात बसेल. आणि मी नाही करून देणार, तुम्हीच करा." मी म्हणालो, "अगं, माझं वय काय!" ती म्हणाली, "वयाचं काय त्यात? तुम्हाला गुणाकार-भागाकार येतो ना?"

आता हे पान म्हणजे काय ते सांगतो. फोनवर तुम्ही जे ब्राउझर उघडता, त्यात दिसणारे प्रत्येक पान तीन गोष्टींचे बनते. पहिली एचटीएमएल. हिने पानाचा सांगाडा उभा राहतो, गोठ्याचे खांब-वासे म्हणा. शीर्षक इथे, पेटी इथे, बटण तिथे. दुसरी सीएसएस, ती रंगरंगोटी. आणि तिसरी जावास्क्रिप्ट. गोठ्यात वीज आली, बटण दाबले की कडबाकुट्टी फिरू लागली, असे जे काही हलते-चालते ते जावास्क्रिप्टचे काम. ती नसली तर पान दिसते, पण छापील पत्रकासारखे. तुम्ही काही विचारलेत तर उत्तर देत नाही.

ही भाषा १९९५ साली अमेरिकेत नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक या गृहस्थाने तयार केली. पहिला नमुना मे महिन्यात दहा दिवसांत उभा केला म्हणतात. जावा नावाची एक दुसरी भाषा आहे, तिच्याशी हिचे नाते आंबा आणि आंबेहळदीइतकेच. त्या वेळी जावाचे नाव गाजत होते म्हणून हिलाही ते नाव दिले गेले. दहा दिवसांच्या कामात काही खोड्या राहून गेल्या, आणि जगभरची पाने आता तिच्यावरच चालत असल्यामुळे त्या काढताही येत नाहीत. त्यातल्या एका खोडीने मला चांगलेच तोंडघशी पाडले, ते पुढे येईलच.

खर्च म्हणाल तर शून्य. एखादे साधे लिहायचे साधन आणि ब्राउझर, दोन्ही संगणकात असतातच. फाईल लिहायची, साठवायची, उघडून बघायची. पान उघडल्यावर त्याला इंटरनेटही लागत नाही, कारण सारा हिशेब तुमच्याच फोनमध्ये होतो. रेंज नसलेल्या रानात त्याचे मोल कळते. शिकण्यासाठी मोझिलाचे एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प यांचे धडे फुकट आहेत. आहेत इंग्रजीत, पण शब्द थोडे आणि तेच तेच. मी रोज रात्री जेवणानंतर तासभर बसत असे. सौभाग्यवती म्हणत, "पोराच्या दहावीला इतके जागला नव्हतात."

पहिले दोन आठवडे फक्त डब्यांचे गेले. स्वयंपाकघरातल्या फळीवर डबे असतात, प्रत्येकावर चिठ्ठी, डाळ, साखर, चहा. जावास्क्रिप्टमध्येही तसेच. एकेका डब्याला नाव द्यायचे आणि त्यात आकडा ठेवायचा. ज्यातला माल बदलणार नाही तो डबा सीलबंद करून ठेवायचा. युरियातले ४६ टक्के हे सीलबंद डब्यात, क्षेत्र रोजच्या डब्यात. आणि मौज अशी की डब्यांची नावे मराठीतही चालतात. 'एकर', 'गुंठे', 'युरिया' अशीच नावे मी देवनागरीत लिहिली आणि संगणकाने मुकाट्याने घेतली. आकडे मात्र इंग्रजीच लागतात.

मग गिरणी. शहाण्या भाषेत हिला फंक्शन म्हणतात. वरून धान्य घातले की खालून पीठ, तसे वरून क्षेत्र घातले की खालून खताचे किलो. आणि शेवटी राखणदार. बटणापाशी एक राखणदार बसवायचा आणि त्याला सांगून ठेवायचे, कोणी बटण दाबले की गिरणी चालू कर. बस्स. सारे पान एवढेच.

एक एकर म्हणजे ४० गुंठे, आणि हेक्टरी शिफारशीचे एकराला ढोबळ मानाने चाळीस टक्के. तेव्हा गव्हाला गुंठ्यामागे १.२ किलो नत्र, ६०० ग्रॅम स्फुरद आणि ४०० ग्रॅम पालाश. मी लिहिले, एकर गुणिले चाळीस अधिक गुंठे, बरोबर एकूण गुंठे. मग नत्राला ०.४६ ने भागले की युरिया. पहिल्यांदा बटण दाबले आणि एकराला युरिया १०४.३४७८२६ असे लांबलचक उत्तर आले, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. दशांश कापायचे दुसऱ्या दिवशी शिकलो. पोत्यांच्या भागाकारात मात्र जुन्या सवयीने ५० लिहून बसलो होतो, ते पुतणीने नव्हे, खत दुकानदाराने दाखवून दिले.

तपासणीही केली, बरे का. एकराच्या पेटीत १ घातला, गुंठ्यांची पेटी रिकामी ठेवली. उत्तर बरोबर. मग एकर रिकामे, गुंठे २०. बरोबर निम्मे. मी खूश होऊन ती फाईल व्हॉट्सॲपवर आमच्या भागातल्या एकोणतीस शेतकऱ्यांना धाडून दिली.

तिसऱ्या दिवशी एका वाडीवरून एका ताईंचा फोन आला. स्वतः शेती बघतात, आकड्याला पक्क्या. म्हणाल्या, "साहेब, तुमच्या पानानं मला दहा एकराची मालकीण केली. उतारा कधी न्यायला येऊ?" त्यांची जमीन एक एकर पाच गुंठे. पानाने युरिया सांगितला १,०५७ किलो, म्हणजे साडेतेवीस पोती.

आता कबूल करतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ताईंनी आकडा चुकीचा घातला असेल. आम्हा खुर्चीवरच्या माणसांना ही खोड असते. रविवारी गाडी काढून वाडीवर गेलो, ओट्यावर बसलो आणि त्यांच्या फोनवर स्वतः आकडे घातले. पुन्हा साडेतेवीस पोती. चहा गार झाला तरी मला काही उमगेना. नशीब एवढेच की उत्तराच्या वर 'एकूण गुंठे' असे एक घर मी तपासणीसाठी ठेवले होते आणि काढायचे विसरलो होतो. तिथे आकडा होता ४०५.

त्यांची मुलगी आठवीत. ती खांद्यावरून वाकून बघत होती. म्हणाली, "साहेब, यानं मिळवलं नाही. चाळीसच्या पुढं पाच नुसता चिकटवलाय."

अगदी तसेच होते. ही ती खोडी. पेटीत तुम्ही जे लिहिता ते जावास्क्रिप्ट आकडा म्हणून घेत नाही, अक्षरे म्हणून घेते. पाच लिहिलेत तरी तिच्या लेखी ते पाचाचे चित्र. गुणाकाराच्या चिन्हाला एकच काम असते, म्हणून तिथे ती समजून घेते की आकडा हवा आहे. पण अधिकच्या चिन्हाला तिच्याकडे दोन कामे आहेत. आकडे असतील तर मिळवायचे, आणि एका बाजूला जरी अक्षरे असली तरी जोडायचे. 'पाटील' अधिक 'वाडी' बरोबर 'पाटीलवाडी'. तसे ४० अधिक '५' बरोबर '४०५'. मी तपासताना एकेक पेटी रिकामी ठेवत गेलो. चाळीसला काहीच चिकटवले नाही तर चाळीसच राहतात. आणि शून्याला २० चिकटवले तर '०२०' होते, त्याला भागताना वीसच धरले जातात. दोन्ही वेळा उत्तर बरोबर. दोन्ही पेट्या भरून बघायचे मला सुचलेच नाही. आणि आपल्याकडे बिनगुंठ्यांचे रान कोणाचे आहे?

दुरुस्ती एका शब्दाची. पेटीतला मजकूर आधी 'नंबर' नावाच्या चाळणीतून काढायचा, म्हणजे तो आकडा होतो. त्यांच्याच ओट्यावर बसून केली. ताईंचे खरे उत्तर आले, युरिया ११७ किलो, म्हणजे दोन पोती आणि वर २७ किलो. सुपर फॉस्फेट १६९ किलो. पोटॅश ३० किलो.

घरी येताना गाडीवर मात्र छातीत धडधडू लागले. माझ्या संगणकातले पान सुधारले, पण एकोणतीस फोनांत गेलेले पान चुकीचेच राहिले होते. चिठ्ठी आणि फाईल यांत या बाबतीत काही फरक नाही, हातातून गेली की गेली. रात्री यादी घेऊन बसलो आणि एकेकाला फोन लावला. दोघांनी ती पुढे पाठवली होती, त्यांच्याकडून पुढचे नंबर घेतले. एक तरुण म्हणाला, "साहेब, सव्वादोन एकराला त्यानं दोनशे एकराचं खत सांगितलं, मी तवाच पुसून टाकलं." दोन एकर दहा गुंठे, ऐंशीला दहा चिकटले, ८०१०. कोणीही त्या आकड्यावर खत घेतले नव्हते. चूक इतकी अवाढव्य होती की कोणी फसले नाही. १९९८ ची चूक अडीच पटीची होती. तेवढी खरी वाटते. आणखी पाच किलो, आणखी एक पोते, एवढ्या चुकीला तर कोणी हटकतही नाही.

म्हणून ते 'एकूण गुंठे' चे घर मी आता कायमचे ठेवले आहे. इतकेच नव्हे, प्रत्येक पायरी पानावर दिसते. गुंठे किती धरले, गुंठ्यामागे नत्र किती, कशाने भागले, पोते किती किलोचे. पुतणीला हे गचाळ वाटते. ती म्हणते, "काका, उत्तर मोठ्या अक्षरात द्या, बाकीचं लपवा." मी लपवीत नाही.

त्यानंतरच्या दोन फजित्या थोडक्यात सांगतो. एका गृहस्थांचा फोन आला, "साहेब, पानावर 'नॅन किलो युरिया' येतंय. हे त्या नॅनो युरियाचंच ना? बाटली किती घेऊ?" झाले होते असे की त्यांनी मराठी कळफलकावरून '१' लिहिला होता. जावास्क्रिप्टची ती चाळणी इंग्रजी आकडेच ओळखते. देवनागरी आकडा आला की म्हणते 'नॉट अ नंबर', त्याचे आद्याक्षरी रूप 'नॅन'. आपल्या माणसाने आपल्या आकड्यात लिहू नये हे काही मला पटेना. शोधल्यावर कळले की संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो आणि देवनागरी शून्याचा तो २४०६ आहे, एकाचा २४०७, असे करत नवाचा २४१५. तेव्हा क्रमांकातून २४०६ वजा केले की आकडा हाती येतो. चार ओळींचे काम. ते मी कोणाला न विचारता केले, एवढी बढाई मारू द्या. उत्तरही आता देवनागरी आकड्यांत येते. त्यासाठी 'मराठी, भारत' असा इशारा तेवढा द्यावा लागतो, स्वल्पविरामही लाखाच्या हिशेबाने पडतात.

दुसरी फजिती डीएपीची. पुष्कळ जण सुपर फॉस्फेटऐवजी डीएपी घालतात, म्हणून तसाही पर्याय ठेवला. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पान नसले तरी ती लागते. डीएपीतून स्फुरदाबरोबर नत्रही येते, आणि ते युरियातून वजा करायचे असते. गव्हाच्या एकराला २४ किलो स्फुरद हवे, त्याला डीएपी ५२ किलो लागते. त्यातून सव्वानऊ-साडेनऊ किलो नत्र आलेच. मग युरिया १०४ नव्हे, ८४ किलो. त्यातला पेरणीला ३२ आणि तीन आठवड्यांनी ५२. पुष्कळ घरांत डीएपीही पुरे घालतात आणि युरियाही पुरा, म्हणजे एकरी वीस किलो युरिया फुकट. तर माझे पान वजाबाकी बरोबर करीत होते, पण एकाने माती परीक्षणाच्या अहवालावरून कडधान्याचा आकडा घातला, हेक्टरी २० नत्र आणि ६० स्फुरद. एवढ्या स्फुरदाला लागणाऱ्या डीएपीतूनच साडेतेवीस किलो नत्र येते. पानाने शांतपणे सांगितले, युरिया उणे साडेसात किलो. तो म्हणाला, "म्हंजी रानातनं काढून दुकानात परत द्यायचा का?" आता तिथे 'जर-तर' ची एक अट घातली आहे. उत्तर शून्याखाली गेले तर 'युरियाची गरज नाही' असे दिसते. तसे पाहिले तर कडधान्याला आणि गळिताला सुपर फॉस्फेटच बरे, त्यातून गंधकही मिळते.

ज्यांच्याकडे पान नाही त्यांनी हिशेब असा ताडून पाहावा. शिफारशीतल्या नत्राच्या दुपटीहून थोडा जास्त युरिया, स्फुरदाच्या बरोबर सव्वासहापट सुपर फॉस्फेट, आणि पालाशाच्या पावणेदोनपटीहून थोडा कमी पोटॅश. पान वापरणाऱ्यांनीही आधी हा अंदाज मनाशी धरावा आणि मगच बटण दाबावे. आणि तुमच्या घरी आठवी-नववीचे पोर असेल, फोनला चिकटलेले असते म्हणून तुम्ही ओरडत असाल, तर त्याला एखादे असे काम सांगून बघा. दुधाचा दहा दिवसांचा हिशेब, मोटरीचे तास, मजुरीची हजेरी. दोन पेट्या, एक बटण, एक उत्तर. दोन्ही पेट्या भरून तपासायला मात्र सांगा.

मागच्या महिन्यात मी त्या चिठ्ठीवाल्या शेतकऱ्याकडे गेलो. सत्तावीस वर्षे झाली. अधूनमधून गाठ पडत असे, पण त्या गव्हाचा विषय दोघांनीही कधी काढला नव्हता. आता ते थकलेत, पडवीत बसून असतात, शेती नातू बघतो. मी फोन पुढे धरला. म्हणाले, "मला ते बारीक दिसत नाय. वाचा." मी एकेक पायरी वाचून दाखवली. गुंठे चाळीस, नत्र अठ्ठेचाळीस किलो, युरिया एकशेचार. त्यांनी बोटांवर काही तरी मोजले.

"म्हंजी दोनच पोती."

"जुनी दोन, बाबा. पोतं आता लहान झालंय. नव्या हिशेबानं दोन पोती आणि वर चौदा किलो."

"हां." थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "कागदावर लिवून द्या."

मी खिशातली वही काढून लिहिले. 'एकरी' हा शब्द दोनदा वाचला. त्यांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि परत माझ्याकडे दिला. "खाली सही करा, साहेब. तारीखबी घाला."

सही केली, तारीख घातली. त्याच रात्री पानाच्या तळाशी माझे नाव, फोन नंबर आणि 'शेवटची दुरुस्ती' म्हणून तारीखही लिहिली. तुमच्याकडे जे पान असेल त्याच्या तळाशी तारीख नसेल तर ते जुने आहे, पुसून टाका आणि माझ्याकडून नवे मागवून घ्या. निघताना म्हाताऱ्याने हाक मारली होती, "जोंधळ्याचं कवा घालताय त्यात?" जोंधळा अजून घातलेला नाही. पुढील अंकी त्याचीच आकडेमोड पाहू.